कानात सांगितलेलं

शीलानं आपल्या कानातले इअरफोन काढून शेजारच्या सुग्राबीच्या कानात घातले, तशी सुग्राबी दचकून मागं सरली.

"या अल्ला, कानात चक्की बसवली काय वं?"

शीला हसली. गोष्ट खोटी नव्हती. सरकीएवढी ती बोंडं, पण ढोल असा वाजे की छातीत कोणी मुसळ हाणतंय. गाणारी बाई मात्र मागं पडायची, चार घरं पलीकडून गायल्यासारखी. संघदीपला तसंच आवडे. त्यानंच ते उमरखेडच्या बाजारातून आणून दिले होते.

संघदीप कापसाच्या जिनिंगात शीलाच्याच पाळीवर होता. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि जिनिंग बंद व्हायच्या गोष्टी सुरू झाल्या. त्याला लोहारा गावातल्या एका कारखान्यात काम लागलं. जायच्या आधी त्याला शीलाशी लग्न करायचं होतं. शीलाचीही ना नव्हती. तिचा नवरा प्रफुल्ल पुसदच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. पण सासूच्या तोंडून 'हो' आल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नव्हती. प्रफुल्ल गेल्यावर माहेरच्यांनी दार लावून घेतलं, तेव्हा या बाईनं आपल्या ताटातली भाकर मोडून दिली होती.

सासू, सत्यशीलाबाई, म्हणजे तिखट काम. सारी उमर जिनिंगात, सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या खडखडाटात उभी राहिलेली. मान कोणापुढं वाकवली नाही. मागून हाक मारली तर वळायची नाही. सांगायचं असेल त्यानं समोर यावं. समोर गेलं तरी कोणाचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही. शीलानं मान खाली घालून दोनदा विषय काढला. सासूनं एकदा भाजीतलं मीठ ऐकवलं, एकदा छपराचं टिन. नको ते ही बाई कानाआड करते, असं गावच म्हणे.

मग शीलाला सुचलं की फोनमध्येच बोलून ठेवावं. फोनला कोण मध्ये तोडणार? घरात भिंतीला भिंत, सुग्राबीनं ऐकलं की गावानं ऐकलं. म्हणून ती कापसाच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसपाशी उभी राहून बोलली. प्रेसची धमधम आत आलीच, पण सारं सांगून झालं.

संध्याकाळी सासू ओसरीवर बसली होती. शीला तिच्यासमोर बसली.

"आई, हे ऐका. मंग बोला."

तिनं इअरफोन सासूच्या कानात बसवले आणि फोन सुरू केला.

सत्यशीलाबाईचे डोळे मोठे झाले, मग मिटले. मान हळूहळू हलू लागली. कुठं काय बोललंय ते शीलाला पाठ होतं. इथं संघदीपचं नाव. इथं 'तुमाले सोडून नाही जात, तुमीबी चला लोहाऱ्याले'. मान हलतच होती. एक थेंब म्हातारीच्या गालावरून खाली आला. त्या बाईला रडताना शीलानं प्रफुल्ल गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

संपलं. शीलानं तोंडाला पदर लावला आणि खाली पाहत विचारलं, "चालंल का, आई?"

सासूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लय बरं वाटलं, पोरी. इतक्या वर्सानं."

फोनमधून वायर उपटून शीला अंगणात धावली. संघदीपला फोन लावला आणि 'हो' एवढंच म्हणाली. त्याला तेवढ्यानंच समजलं. मागं त्याची आई शेजारणींना ओरडून सांगत होती. रविवारी मंडळी घेऊन येतो, म्हणाला.

डोळे पुसत शीला परत आली आणि सासूच्या पाया पडली. सत्यशीलाबाईनं इअरफोन अजून काढले नव्हते.

"आणखी लाव," ती म्हणाली. "धमधम लय साजरी आहे, शीले. पण गाणं कधी सुरू होते वं?"