चाखायची वाटी

ताई मोरीपाशी वाकली आणि भडाभडा ओकली. वेळ तरी कुठली साधावी! तपासणीचे साहेब नेमके दारात चपला काढत होते.

"थांबा! कोणी अन्नाला हात लावायचा नाही!" साहेब तिथूनच ओरडले.

सरकारी सांभाळ केंद्राच्या हॉलमध्ये एका बाजूला पोरं चटईवर मांडी घालून बसली होती, दुसऱ्या बाजूला आजी-आजोबा खुर्च्यांवर. घरचे सगळे कामाला गेले की दिवसभर इथे राहणारी ही मंडळी. लहान असो नाहीतर म्हातारं, दुपारचं जेवण सरकारकडून. त्याला नियम एकच, पण कडक. स्वयंपाक झाला की केंद्राच्या ताईने वाटीभर खायचं आणि अर्धा तास थांबायचं. ती ठणठणीत राहिली तरच ताटं वाढायची. आणि आज त्या अर्ध्या तासातच ताई ओकली. आता कोणाला काय शंका राहणार?

स्वयंपाकाच्या मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. हातातला डाव तसाच राहिला. "साहेब, भाज्या मी चांगल्या धुतल्यात हो. तेलाचा डबा तेवढा आज नवीन फोडला. पण त्याला वास नव्हता." मग स्वतःशीच पुटपुटल्या, "का होता?"

"ते प्रयोगशाळा सांगेल. थोडं नमुन्याला काढा, बाकीचं सगळं ओतून टाका. आणि मावशी, तुम्ही उद्यापासून यायचं नाही. बोलावलं की चौकशीला या."

मावशी मटकन खाली बसल्या. इकडे पोरांनी ताटं बडवायला सुरुवात केली. खुर्चीवरच्या एका आजींनी शेजारणीला विचारलं, "काय गं, आज जेवणाला सुट्टी आहे का?" कोणी हसलं नाही.

खरं काय ते एकट्या ताईला ठाऊक होतं. तिने भाताचं शीतसुद्धा तोंडात घातलं नव्हतं. सकाळी उपाशीपोटी डोकेदुखीची गोळी, वर कडक चहा, तेच सगळं उलटून पडलं होतं. चाखायची वाटी मागच्या दाराने केव्हाच बाहेर गेली होती. आजचीच नाही, रोजचीच जायची.

मागच्या पायरीवर तिचे बाबा बसायचे. आई गेल्यापासून ते घरी एकटे जेवतच नसत. झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी जसंच्या तसं. बरं, इथे त्यांचं नाव घालावं, तर कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना घ्यायचं नाही असा नियम. शेवटी तिने एक दिवस त्यांना मागच्या पायरीवर बसवलं आणि वाटी पुढे केली. "मी नाही फुकटचं खात," बाबा फणकारले. तेव्हा ती म्हणाली, "फुकटचं कुठलं! पोरांना वाढायच्या आधी कोणीतरी चाखून बघावं लागतं. नाहीतर मला खावं लागेल." बाबांनी मुकाट्याने वाटी घेतली. म्हाताऱ्याला बरं गुंडाळलं, म्हणून ती खूश झाली होती.

आता बोललं तर नोकरी गेलीच. या चुकीला माफी नव्हती. आणि न बोललं तर कोणी विचारणारही नव्हतं. तोंड पुसून गप्प बसायचं, बस्स. मावशींना दुसरीकडे कुठे काम लागेलही, तिने मनाला समजावलं. मन कसलं ऐकतंय!

साहेबांबरोबर आलेल्या शिपायाने पातेल्याच्या एका कानाला हात घातला. मावशी भिंतीला धरून उठल्या आणि त्यांनी दुसरा कान धरला. "मीच ओतते," त्या म्हणाल्या. "पोरांच्या पोटात गेलं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं?" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

ताईला ते बघवेना. "ओतू नका!" ती ओरडली. "मी खाल्लंच नाही!"

"म्हणजे?" साहेब गर्रकन वळले.

"आज खाल्लं नाही. कधीच खात नाही. वाटी मी माझ्या बाबांना देते. मागे बसलेत ते."

"म्हणजे इतके दिवस ही सगळी पोरं रामभरोसे जेवतायत?" साहेबांचा आवाज चढला. "कमाल आहे तुमची! तुम्हीसुद्धा आता घरीच बसा." आणि ते तडक मागच्या दाराकडे निघाले.

ताई त्यांच्यामागे धावली, आणि अर्ध्या वाटेत तिला तो तेलाचा डबा आठवला. तेलाला खरंच वास असला तर? मावशींनाही खात्री नव्हती. आणि बाबांनी तर वाटीभर खाल्लं होतं! एवढा वेळ ती नोकरीचा विचार करत बसली आणि हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. दाराआडच ती चौकट धरून उभी राहिली. पुढे बघायची हिंमत होईना.

"आजोबा!" साहेबांची हाक ऐकू आली. "बरे आहात ना? जेवलात?"

"जेवतोय कुठला!" बाबांचा आवाज खणखणीत होता. "चाखायचं काम आहे माझ्याकडे. अर्धा तास होत आला, मला काही झालेलं नाही. पोरांना वाढा म्हणावं."

ताईने चौकट सोडली.

"एखाद दिवशी वाईट निघालं तर माझ्या पोरीला नको, म्हणून मी घेतलं हे अंगावर," बाबा म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण साहेब, हे तिला सांगू नका हं. तिला वाटतं, ती मला जेवायला घालते."