एमलिनचा खांदा

"एमलिनचा खांदा निखळतो, असं निवड समितीला मीच सांगितलं. खोटं सांगितलं," गोमर म्हणाला आणि चॅपलच्या मधोमध गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडायला लागला.

त्या हिवाळ्यात वेल्समधलं ते सगळं खोरंच पश्चात्तापाने वेडं झालं होतं. कोळशाच्या खाणीतून वर आलं की तोंडं धुऊन माणसं थेट चॅपलमध्ये. कोणी दारू सोडत होतं, कोणी खेळही पापच म्हणून रग्बीची जर्सी चुलीत घालत होतं. एकाने उठून पाप कबूल केलं की दुसऱ्याला राहवत नसे. सांगणारा मोकळा व्हायचा. ऐकणाऱ्याचं काय होतं, हे विचारायला कुणाला सवड होती?

तिसऱ्या बाकावर बायकोशेजारी बसलेला एमलिन हललाही नाही. नऊ वर्षं तो आणि गोमर एकत्र रग्बी खेळले. गोमरने न बघता चेंडू मागे फेकायचा आणि एमलिन तिथे असायचाच. चार वर्षांपूर्वी वेल्सच्या संघात दोघांचीही नावं लोक धरून चालले होते. आलं एकट्या गोमरचं. देशाकडून खेळणाऱ्याला मिळते ती मानाची टोपी घेऊन तो परतला, तेव्हा स्टेशनवर त्याला खांद्यावर उचलून घेणारा एमलिनच होता. आपणच कमी पडलो, अशी मनाची समजूत घालत त्याने ही वर्षं काढली. आता तो तेहतीस वर्षांचा झाला होता. टोपीचा विषय या जन्मापुरता संपला होता.

पाद्रीसाहेब बघत होते. सगळं चॅपल बघत होतं. गोमरचा गळा धरावा, इतका संताप एमलिनच्या डोक्यात गेला होता. तरी तो उठला, गोमरजवळ गेला आणि दंडाला धरून त्याने त्याला उभं केलं.

"जाऊ दे. माफ केलं तुला," तो म्हणाला. "पण एवढं सांग, माझं काय चुकलं होतं?"

गोमर एमलिनच्या खांद्यावरून मागे बघत होता.

एमलिन वळला. तिसऱ्या बाकावरून त्याची बायको लेसा उठली होती. तिचा आवाज शांत होता.

"टोपी मिळाली की इंग्लंडच्या उत्तरेचे क्लब पैसे देऊन खेळाडूंना पळवतात. माझे दोन्ही भाऊ तसेच गेले, ते परत आलेच नाहीत," ती म्हणाली. "गोमर नाहीच म्हणत होता. पाया पडून मीच त्याला समितीकडे पाठवलं."