वजन उचलायचं नाही

"हात वर करा," डॉक्टर म्हणाले.

तिचा उजवा हात छातीच्या वर गेला आणि तिथेच अडला. ओठ दाबून तिने तो खाली घेतला.

"सांधा सुजलाय. कॉर्टिझोनचं इंजेक्शन देतो, उतार पडेल. पण दोन आठवडे वजन उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही."

"बादलीचं काही नाही. वडिलांना उचलावं लागतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. कंबरेखाली त्यांना जोरच नाही."

"दुसरं कोणी?"

"भाऊ आहे. फोनवर असतो."

डॉक्टर हसले. ती हसली नाही. सुई खांद्यात शिरली तेव्हा तिने भिंतीकडे पाहिलं.

"हे पुन्हापुन्हा देता येत नाही," डॉक्टरांनी कापूस दाबून धरला. "विश्रांती नसेल तर औषध पाण्यात."

घरी वडील उशीला टेकून वाटच पाहत होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, खुशाल उचला."

"बापाला शेंड्या लावतेस? मी पडून राहतो दोन आठवडे. खुर्ची काही पळून जात नाही."

"आणि खिडकी?" त्या खुर्चीतून रस्ता बघण्यातच त्यांचा दिवस जाई.

"रस्ता तोच, माणसं तीच. बघून बघून पाठ झालीत."

तिने डावा हात त्यांच्या पाठीखाली सरकवला. त्यांनी दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट धरली आणि सोडली नाही.

"फार हट्टी झालात हं, बाबा."

"तुझ्यावर गेलोय."

ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. खुर्ची खिडकीशी रिकामीच राहिली.

पुढच्या तपासणीला हात सरळ डोक्यावर गेला. डॉक्टरांनी तो मागे नेला, वळवून पाहिला. कुठेच अडला नाही.

"वा. निम्मे लोक इंजेक्शन घेतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. तुम्ही मात्र ऐकलंत."

"हो."

"म्हणजे फोन ठेवून भाऊ आला वाटतं?"

"आला. मिळेल त्या गाडीने आला."

"बघा, वेळेला आपलंच माणूस धावून येतं." डॉक्टर हात धुवायला वळले. "वडिलांना उचलायला एकटा पुरला का तो?"

तिने बाही खाली ओढली.

"नाही," ती म्हणाली. "चौघं होते."