तिसरा सिलिंडर

गाडी मध्येच मिसिंग मारायची आणि मेकॅनिकपुढे उभी केली की शहाण्यासारखी चालायची. प्लग बदलून झाले, फिल्टर बदलून झाला. शेवटी चौथ्या रविवारी, वडिलांना पुसून-भरवून तो खाली आला आणि चालू इंजिनवर एकेका सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर काढू लागला. जिची वायर काढूनही आवाज बदलणार नाही, ती कॉइल खराब. पण शिणलेल्या कानांना सगळ्या सारख्याच वाटत होत्या.

वर खिडकीशी वडील पडून होते. चाळीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्यानंतर सहा महिने ना शब्द, ना खूण. त्यांना काही कळतं का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

"अहो," बायको खिडकीतून ओरडली, "आत्ता काढलीत ती वायर परत काढा!"

"का गं?"

"बाबांनी हात वर केला."

त्याने ती तिसऱ्या सिलिंडरची वायर परत काढली. हात परत वर गेला. तिसरी कॉइल बदलली आणि गाडी गपगुमान चालू लागली.

पुढच्या रविवारी त्याने तीच खराब कॉइल पहिल्या सिलिंडरवर बसवली आणि बायकोला हाक मारली.

"बाबांना टेकवून बसव. म्हणावं, गाडी परत बिघडलीय."