एकेचाळीस वेगवेगळे निबंध

धाकटीचा इंग्रजीचा निकाल कॉपीच्या संशयावरून राखून ठेवला गेला, पण बाहेरच्यांसाठी घरात तसं काही घडलेलंच नव्हतं. शेजारच्या काकूंना "निकाल अजून लागायचाय हो," असं सांगून आईने दार लावून घेतलं.

"पण बाबा, सरांनी सांगितलं तस्संच लिहिलं मी!" धाकटी रडकुंडीला आली. क्लासच्या सरांनी वर्षभर घोकून घेतलं होतं: निबंधात वाक्यं वेगवेगळ्या घडणीची हवीत, आधी एक प्रश्न, मग दोन शब्दांचं वाक्य, मग चार ओळींचं. क्लासच्या एकेचाळीस मुलांनी हे वैविध्य जसंच्या तसं उतरवलं होतं.

कॉलेजचे प्रवेश सोमवारी बंद होणार होते. बाबा तडक सरांकडे गेले. सर जराही डगमगले नाहीत. "काळजी सोडा. बोर्डाला द्यायचा अर्ज मीच लिहून देतो."

बोर्डाच्या खिडकीतल्या बाईंनी बाबांचा अर्ज आधीच्या चाळीस अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि कागदाकडे न बघताच शेवटची ओळ म्हणून दाखवली:



"सदर अर्ज इतर अर्जांशी जुळल्यास तो निव्वळ योगायोग समजण्यात यावा, ही नम्र विनंती."