जमनाच्या बाळाची टाच

सलग दुसरी ड्युटी करताना रूपाली सिस्टरचं अंग सकाळपासून कसकसत होतं. बोईसरच्या त्या छोट्या हॉस्पिटलात दांडी गावच्या जमनाचं सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत होतं. जंतुसंसर्ग कळावा म्हणून डॉक्टरांनी त्याची सीआरपी ही रक्ततपासणी सांगितली.

रूपालीने इवल्याशा टाचेला सुई टोचली. रक्त आलं, पण बाळ रडलंच नाही.

रिपोर्ट पाहून डॉक्टर बुचकळ्यात पडले. "सीआरपी एवढी वाढलेली, आणि बाळाला दूध तर छान पचतंय! सिस्टर, पुन्हा रक्त घ्या."

तिने पुन्हा टोचलं. नळी भरली. कापसाने टाच पुसली, तर टोचल्याची खूणही नव्हती. कळ मात्र तिच्याच टाचेत उठली. उभं राहून राहून पाय कामातून गेलेत, असं म्हणून तिने दुर्लक्ष केलं.

पेटीशेजारी बसलेली जमना खाली बघत होती.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "सुई आमच्या पोराला टोचली, मंग रगत तुमच्या चपलेत कसं हाय?"

रूपालीला खाली बघवेना.

मागून डॉक्टर म्हणाले, "एवढ्यानं भागणार नाही, सिस्टर. अजून थोडं घ्या."