खरवडलेली रेघ

पूर ओसरला की नदी कुठून कुठे सरकली, ते दरवर्षी नव्यानं आखावं लागे. नकाशावाल्याचा मेहुणा नावेतून फोनवर खुणा सांगायचा आणि नकाशावाला कचेरीत शाईची रेघ ओढायचा.

"भाऊजी, डावीकडे वाळकं झाड, त्याला लोंबती घरटी, खाली पाणमांजरं."

दुपारी त्यानं पुन्हा तेच सांगितलं. "भाऊजी, हे सकाळचंच झाड! मी तर प्रवाहाबरोबर चाललोय, नाव एकदाही माघारी वळवली नाही."

नकाशावाल्यानं खाली पाहिलं. रेघ फिरून आपल्याच सुरुवातीला भिडली होती. नदीला बाहेर पडायला वाटच नव्हती.

"थांब, काढतो तुला," तो बोलून गेला आणि ब्लेडनं रेघेचा तुकडा खरवडला. फोनमधला पाण्याचा आवाज थांबला.

"भाऊजी, पाणी कुठं गेलं? नाव चिखलात रुतलीय."

घाबरून त्यानं रेघ पुन्हा जोडली. खरवडलेल्या कागदावर शाई फुटते, हे एवढा मुरलेला माणूस त्या घाईत विसरला. डाग चहूकडे पसरू लागला.

"आलं, पाणी आलं!" मेहुणा हसला. मग म्हणाला, "बस झालं आता."

मग नुसतंच, "भाऊजी, बस."